पंढरीची दुसरी वाट

पंढरपूर पाहिले नाही असे कुटुंब महाराष्ट्रात शोधूनही सापडणे कठीण. कोणी वारीस जातो, कोणी नवस फेडावयास जातो, कोणी सोलापूरच्या वाटेवर आहे म्हणून जातो, पण जातो. आमच्या घरी वारी नाही. तथापि दर चारपाच वर्षांनी विठ्ठलाचे पाय शिवून येण्याचा परिपाठ आजोबांच्या वेळेपासून चालत आला आहे. असे असूनही पंढरपुरातील एक वास्तू आम्ही साठ वर्षांत कधी पाहिली नव्हती, आणि तिच्याशी आमच्या घराचा काही संबंध असेल अशी शंकाही आमच्या मनास शिवली नव्हती. गेल्या मार्गशीर्षात ती पाहण्याचा योग आला. त्या प्रवासाची ही हकीकत आहे. ती छापावी की नाही याविषयी घरात दोन मते होती. मातोश्रींनी संमती दिली, म्हणून छापीत आहो.

निमित्त झाले ते जुन्या चोपड्यांचे. वाड्याचा माळा झाडण्यास काढला असता आजोबांच्या हिशेबाच्या वह्यांची एक पेटी निघाली. आजोबा शाळामास्तर होते, हिशेब पैपैचा. प्रत्येक वर्षाच्या अखेरीस खर्चाचे सदरवार तक्ते. ‘धर्मादाय’ या सदराखाली ग्रामदेवतेचा उत्सव, वारावर जेवणाऱ्या विद्यार्थ्याची पुस्तके, कीर्तनकारांची बिदागी, असे यथास्थित सर्व होते. ‘देणे’ या सदरात वाणी, शिंपी, गवळी. आणि याच ‘देणे’ सदरात, वाणी आणि शिंपी यांच्या शेजारी, दरवर्षी भाद्रपदात एक नोंद होती: ‘पंढरपूर, बालकाश्रम, रु. ५’. पहिली नोंद १९२० सालची. शेवटची १९६१ सालची, म्हणजे आजोबा निवर्तले त्या वर्षाची. बेचाळीस वर्षांत एकही खाडा नाही.

आमच्या वडीलबंधूंना वाटले की आजोबांची सदर लिहिण्यात चूक झाली असावी. अनाथ मुलांस पाठविलेले पैसे धर्मादायात पडावयाचे. ते देण्यात कसे? पण जो मनुष्य पैची चूक करीत नाही, तो बेचाळीस वर्षे एकच चूक करीत राहील हे आम्हांस पटेना. मातोश्रींस विचारले, तेव्हा त्या वही हाती घेऊन बराच वेळ पाहत राहिल्या आणि म्हणाल्या, “मला एकदा पंढरपुरास न्या. तेथे सांगेन.” मातोश्रींचे वय अठ्ठ्याऐंशी. अशा वयाच्या माणसाने काही मागितले तर मुहूर्त पाहत बसू नये.

मंडळी निघालो ती अशी: मातोश्री, दादा, वहिनी, दादांचा मुलगा व सूनबाई, आणि आम्ही. वहिनींची एक मावसबहीण बरोबर आली. तिला घरची सर्व मुले मावशी म्हणतात. मावशींनी एका दूरच्या शहरातील बालगृहात तीस वर्षे नोकरी केली आहे. येथे आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. पुतण्याच्या लग्नास नऊ वर्षे झाली असून मूलबाळ नाही. गेल्या वर्षी उभयतांनी विचार करून दत्तक मुलासाठी सरकारी नियमाप्रमाणे नाव नोंदविले. घरात कोणी विरोध केला नाही. पण मातोश्री होय म्हणाल्या नाहीत आणि नाही असेही म्हणाल्या नाहीत. एकदाच त्यांच्या तोंडून निघाले, “मुलाचे कूळ कोणते, ते कोण सांगणार?” सूनबाई त्यावर काही बोलली नाही, परंतु तेव्हापासून आजीच्या खोलीत तिचे बसणे-उठणे कमी झाले होते, हे सर्वांच्या ध्यानात आले होते.

कुर्डुवाडीस गाडी बदलून पंढरपूरचा रस्ता धरला. मातोश्रींस आठवते ती येथील अरुंद रुळांची बार्शी लाइट रेल्वे. तिच्या डब्यातून उतरून पाय मोकळे करावे आणि पुन्हा डबा गाठावा, असे त्या सुनेस सांगत होत्या. आता तो मार्ग रुंद झाला आहे. दोन्ही बाजूंस ज्वारीची व उसाची शेते मागे पडत होती. पंढरपुरास पोहोचलो तेव्हा ऊन उतरले होते. आषाढी-कार्तिकीची गर्दी नसल्यामुळे गाव संथ होते. बुक्क्याची, तुळशीमाळांची आणि चुरमुऱ्यांची दुकाने निवांत उघडी होती.

दुसरे दिवशी पहाटे दर्शन झाले. महाद्वारी नामदेवांच्या पायरीपाशी मातोश्री थांबल्या. येथे नामदेवांचे नाव घेताना जनाबाईचे नाव आपोआप येते. परंपरा सांगते की जनाबाई गंगाखेडची. तिच्या बापाने लहानपणीच तिला पंढरपुरी दामाशेटींच्या घरी ठेवले आणि ती नामदेवांच्या घरीच वाढली, दळिले कांडिले, आणि अभंग रचून अमर झाली. थोडा विचार करता लक्षात येते की पंढरीच्या या सगळ्या दैवी कुटुंबात पोरकी मुलेच पुष्कळ आहेत. ज्ञानदेवादी चार भावंडांच्या आईबापांनी देहान्त प्रायश्चित्त घेतले, आणि संन्याशाची पोरे म्हणून त्यांस पंक्तीबाहेर ठेवणारे आपलेच शास्त्री-पंडित होते. पंढरीची मूर्ती विजयनगराहून परत आणली असे परंपरा ज्यांच्याविषयी सांगते, त्या भानुदासांचे पणतू एकनाथ. त्यांचेही आईबाप त्यांच्या बालपणीच वारले व आजाआजींनी त्यांस वाढविले. ज्या देवास आपण माउली म्हणतो, त्याला ती हाक आईविना वाढलेल्या मुलांनीच अधिक आर्ततेने मारली असावी.

तिसऱ्या प्रहरी वाळवंटात गेलो. भीमेस येथे चंद्रकोरीचे वळण आहे म्हणून ती चंद्रभागा. वरच्या अंगास उजनीचे धरण झाल्यापासून तिचे पाणी धरणाच्या तंत्राने चालते. त्या दिवशी पुंडलिकाच्या देवळाभोवती वाळू बरीच उघडी होती. पुंडलिक हा आईबापांच्या सेवेसाठी देवास विटेवर उभा करणारा पुत्र. पण त्याच वाळवंटाची दुसरी एक कथा आहे, आणि ती कीर्तनात सांगत नाहीत.

शंभर-सव्वाशे वर्षांमागे आपल्या पांढरपेशा घरांत बालविधवा नाही असे घर क्वचितच असे. विधवाविवाहाचा कायदा १८५६ साली झाला. परंतु कायदा झाला म्हणून घराची दारे उघडली नाहीत. पंधरा-सोळा वर्षांची मुलगी, केशवपन झालेली, स्वयंपाकघरात राबणारी. तिच्यावर घरातल्याच एखाद्या पुरुषाची वाईट नजर पडली आणि दिवस गेले, म्हणजे घरातील वडीलधारी मंडळी तिला घेऊन ‘यात्रेस’ निघत. क्षेत्राच्या ठिकाणी अनोळखी माणसांची ये-जा. चार महिने राहिले तरी कोणी विचारीत नाही. बाळंतपण उरके, बाई घरी परत येई, मूल परत येत नसे. ते मुलाचे काय होई, हे येथे लिहिण्याचे कारण नाही. वाळवंट मोठे होते आणि नदीस पाणी होते.

हे ओळखून पुण्यात जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी १८६३ साली बालहत्या प्रतिबंधक गृह उघडले. तेथे आलेल्या काशीबाई नावाच्या एका ब्राह्मण विधवेचा मुलगा यशवंत याला त्यांनी दत्तक घेतले; तो पुढे डॉक्टर झाला. पंढरपुरी हेच काम १८७५ साली सुरू झाले. त्या वेळी तेथे न्यायाधीश असलेले लालशंकर उमियाशंकर हे मूळचे गुजराती गृहस्थ, प्रार्थनासमाजाचे अनुयायी. न्यायासनावर बसून बालहत्येचे खटले ऐकणे आणि संध्याकाळी घरी जाऊन जेवणे, हे त्यांस पुरेसे वाटले नाही. संकटात सापडलेल्या बाईने गुप्तपणे येऊन बाळंत व्हावे आणि मूल तेथे ठेवावे, अशी सोय त्यांच्या प्रयत्नाने झाली. लवकरच १८७६-७८ चा भयंकर दुष्काळ पडला. सोलापूर जिल्हा त्यात होरपळला आणि दुष्काळात पोरक्या झालेल्या मुलांनाही याच संस्थेत आसरा मिळाला. हाच पंढरपूरचा बालकाश्रम. पुढे त्यास मुंबईच्या प्रार्थनासमाजाचे एक आधारस्तंभ वासुदेव बाबाजी नवरंगे यांचे नाव देण्यात आले. हे काम किती निकडीचे होते, हे सहाच वर्षांनी सर्वांस कळले. १८८१ साली सुरतेकडील विजयालक्ष्मी नावाच्या तरुण ब्राह्मण विधवेस भ्रूणहत्येबद्दल प्रथम फाशीची शिक्षा झाली, ती पुढे कमी करण्यात आली. आणि त्या प्रकरणी वर्तमानपत्रांनी स्त्रीजातीवर जी झोड उठविली, तिला उत्तर म्हणून ताराबाई शिंदे यांनी १८८२ साली ‘स्त्रीपुरुषतुलना’ लिहिली. त्या मुलाच्या बापाचे नाव मात्र कोणी विचारले नाही.

वाळूत सतरंजी घालून बसलो होतो. मातोश्रींनी पिशवीतून आजोबांची वही काढली व बोलू लागल्या. “मामंजींची एक आत्या होती. नवव्या वर्षी विधवा झालेली. मामंजींची आई लवकर गेली. त्यांना या आत्याबाईंनीच वाढविले. मी लग्न होऊन आले तेव्हा त्या जाऊन पुष्कळ वर्षे झाली होती. पण सासूबाईंनी एकदा मला सांगितले, की तरुणपणी आत्याबाईंना एक चातुर्मास पंढरपुरास ठेवले होते. परत आल्या त्या पुन्हा कधी पंढरपुरास गेल्या नाहीत. घरातले सगळे विठ्ठलास जात, त्या एकट्या घर राखीत. शेवटच्या आजारात त्यांनी मामंजींस जवळ बोलावून एवढेच सांगितले, की पंढरपुरास माझे देणे आहे, ते फेडीत जा. कसले देणे, ते मामंजींनी विचारले नाही. त्यांना कळले.”

बराच वेळ कोणी बोलले नाही. दादा म्हणाले, “आई, हे इतकी वर्षे तू सांगितले नाहीस?” मातोश्री म्हणाल्या, “कोणाला सांगू? सासूबाईंनी मला सांगितले, तेव्हाही त्या दिवा मालवून सांगत होत्या.”

ते मूल मुलगा होता की मुलगी, जगले की नाही, जगून कोठे गेले, हे आता कोणासही कळणे शक्य नाही. पण आजोबांच्या वहीतील ते सदर चुकलेले नव्हते, एवढे मात्र आम्हांस त्या क्षणी कळले.

दुसरे दिवशी सकाळी आम्ही बालकाश्रमाकडे गेलो. मुले शाळेत असतील अशीच वेळ मुद्दाम धरली होती. मुले ‘पाहावयास’ जाणे म्हणजे त्यांस प्रदर्शनातील वस्तू करणे होय, असे मावशींनी आदल्या रात्रीच बजावले होते. म्हणून तेथील मुलांविषयी येथे काही लिहीत नाही. अशा मुलांची ओळख छापणे कायद्यानेही मना आहे, आणि ते योग्यच आहे. मातोश्रींनी दारापाशी उभे राहून, देवळात जोडावे तसे हात जोडले. मग त्यांनी पावती फाडून घेतली. रक्कम किती, हे सांगण्यात अर्थ नाही. १९६२ पासूनचा थकलेला हिशेब कोणत्या व्याजाने मांडावा, हे दादांसही कळेना.

येथे वाचकांपुढे एक विचार ठेवावासा वाटतो. आपल्या घरांत गरीब, पोरक्या मुलास आधार देण्याची रीत जुनी आहे. वार लावून जेवणारा विद्यार्थी ज्या घरात आला नाही, ते घर मोठे म्हणवत नसे. आमचे आजोबा स्वतः साताऱ्यास वार जेवून शिकले. सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या. वाढणारीच्या चेहऱ्यावरून आजचे ताट मनापासूनचे की कपाळावर आठी घालून वाढलेले, हे ओळखण्याची विद्या शाळेतील विद्येआधी आत्मसात होई, असे ते म्हणत. माधुकरीवर शिकणाऱ्या मुलांसाठीच पुण्यात १९०९ साली अनाथ विद्यार्थी गृह निघाले. आज ते पुणे विद्यार्थी गृह या नावाने चालते. या रीतीचा आपण अभिमान बाळगतो, आणि तो अगदीच अस्थानी नाही.

परंतु त्या रीतीला एक कुंपण होते. वार मिळे तो गळ्यात जानवे असलेल्या मुलास, ज्याचे गोत्र-प्रवर विचारता येई त्यास. ज्या घराच्या पुढच्या दाराने वाराचा विद्यार्थी आत येत होता, त्याच घराच्या मागच्या दाराने एखादी आत्या रात्रीच्या वेळी यात्रेस निघत होती. पुढच्या दाराचे पुण्य आपण धर्मादायात लिहिले. मागच्या दाराचे कोठेच लिहिले नाही. आमच्या आजोबांनी ते ‘देणे’ सदरात लिहिले, एवढाच काय तो फरक. अनाथ मूल आकाशातून पडत नाही. ते कोणाच्या तरी घरातून बाहेर पडलेले असते. आणि पुष्कळदा ते घर आपल्याच आळीत असते.

आजची स्थिती निराळी आहे, पण अगदीच निराळी नाही. परतीच्या वाटेवर मावशींनी जे सांगितले, ते गृहिणींस उपयोगी पडेल म्हणून थोडक्यात देतो. बालगृहांतील पुष्कळ मुलांस आई किंवा बाप हयात असतो. दारिद्र्य, दारू, आजार किंवा दुसरे लग्न यांमुळे मूल तेथे येते. तेव्हा सर्वांत मोठी मदत ही, की मूल घराबाहेर पडण्याआधीच त्या घरास हात द्यावा. एखाद्या विधवेस मूल जवळ ठेवून वाढविता यावे म्हणून महाराष्ट्रात बालसंगोपन योजना आहे. आपल्या घरी धुणेभांडी करणाऱ्या बाईस तिचा अर्ज भरून देणे, हे शंभर लाडू वाटण्याहून अधिक आहे. टाकलेले मूल आढळले, तर चोवीस तासांच्या आत १०९८ या क्रमांकावर, पोलिसांत किंवा बालकल्याण समितीस कळविलेच पाहिजे. दया आली म्हणून ते परस्पर घरी ठेवून घेणे हा गुन्हा आहे. कारण अशाच ‘दये’च्या आडून मुलांचा व्यापार चालतो. आणि एखादी मुलगी संकटात सापडलीच, तर तिला आज यात्रेस नेण्याचे कारण नाही. २०१५ च्या कायद्याने ती बालकल्याण समितीपुढे मूल गुप्तपणे सोपवू शकते. फेरविचारासाठी तिला साठ दिवस मिळतात. लालशंकरांनी १८७५ साली जे दार उघडले, ते आता कायद्याने सर्वत्र उघडे ठेवले आहे.

“आणि भेटीला येणारी मंडळी?” वहिनींनी विचारले.

मावशी हसल्या. “वाढदिवसाला केक येतो, पितृपक्षात खीर येते. एकेका दिवशी तीन-तीन घरची जेवणे येतात आणि पोरांची पोटे बिघडतात. मग महिनाभर कोणी नाही. पोरांना खीर नको असते, ताई. गेल्या वेळी आलेला माणूस पुन्हा आला, हे हवे असते. अठरा वर्षांचे झाले की संस्था सोडावी लागते. अनुरक्षणगृहात एकविसाव्या वर्षापर्यंत राहता येते, सरकारने २०१८ साली नोकरीत आणि शिक्षणात एक टक्का जागाही ठेवल्या. पण दिवाळीला जायचे कुठे, हे कोणत्या कायद्यात लिहिणार? माझ्याकडे दर दिवाळीला चार मुलगे येतात. माझ्या हातची चकली बिघडते, तरी येतात.”

सूनबाई खिडकीबाहेर पाहत ऐकत होती. कुर्डुवाडीस गाडीची वाट पाहत फलाटावर बसलो असता मातोश्रींनी तिला जवळ बोलावले व विचारले, “तुमच्या अर्जाचे कोठवर आले?”

तिने सांगितले की नाव यादीत आहे; पुष्कळ वाट पाहावी लागते. मूल सुचविले गेले म्हणजे जिल्हाधिकाऱ्यांच्या आज्ञेने दत्तविधान पुरे होते.

“त्या अर्जात कुळाचा रकाना असतो का गं?”

“नाही, आजी. मुलाच्या कुळाचा रकाना नसतो.”

“बरे आहे,” मातोश्री म्हणाल्या. मग थोड्या वेळाने, “आपल्या घरातले एक मूल कोणाच्या तरी घरी वाढले असेल. त्यांनी तरी कुठे विचारले असेल?”

गाडी आली. सामान चढविण्याच्या गडबडीत ते बोलणे तेवढ्यावरच राहिले. घरी आल्यावर दादांनी एक नवी वही घातली असून तिच्या ‘देणे’ सदरात वाणी, वीज आणि दूध यांच्या खाली भाद्रपदाची ओळ आताच आखून ठेवली आहे. पुतण्याचे व सुनेचे नाव अद्याप यादीतच आहे. मातोश्री रोज संध्याकाळी दिवा लावल्यावर विचारतात, काही पत्र आले का. आणि सूनबाई पुन्हा त्यांच्या खोलीत बसू लागली आहे.